शिकारी कुत्री, पळणारा ससा आणि आपला सातबारा

रब्बीची ज्वारी निघाली, कडब्याच्या गंजी लागल्या आणि शिवार मोकळे झाले की सोलापूर जिल्ह्यातून या सदराकडे एका विशिष्ट विषयावरची पत्रे वाढू लागतात. उभ्या पिकात दडून राहणारा ससा धसकटांच्या रानात लांबूनही नजरेस पडतो, आणि तो जसा शेतकऱ्याला दिसतो तसाच शिकारी कुत्री बाळगणाऱ्या हौशी मंडळींनाही दिसतो. यंदा आलेल्या पत्रांपैकी निवडक पत्रांना येथे उत्तरे देत आहे. पत्रलेखकांची नावे व गावे त्यांच्याच सोयीसाठी गाळली असून केवळ तालुके ठेवले आहेत.

प्रश्न : माझी गावाबाहेर सात एकर जमीन आहे. त्यात तीन एकर डाळिंब असून उरलेल्या क्षेत्रात ज्वारी असते. गेल्या महिनाभरात तीन-चार वेळा मोटारसायकलवरून काही तरुण कारवानी कुत्री घेऊन आले. शेजारच्या गायरानात ते कुत्री सोडतात, ससा माझ्या रानात शिरतो आणि त्याच्या मागे कुत्री व कुत्र्यांच्या मागे माणसे बागेतून पळतात. ठिबकच्या नळ्या तुटल्या, एका शेळीला कुत्र्याने फाडले. जाब विचारला तर म्हणतात, ‘काका, आम्ही तर गायरानात सोडलं होतं, कुत्र्याला काय बांध कळतो? आणि ससा तरी कुठं घावला?’ पोलिसांत जावे की तलाठ्याकडे? (उत्तर सोलापूर)

उत्तर : आपल्या पत्रात दोन निरनिराळ्या तक्रारी एकत्र आल्या आहेत. एक तक्रार जमिनीची आहे आणि दुसरी सशाची. त्या तरुणांनी आपल्याला दिलेले उत्तर या दोन्ही तक्रारींची सरमिसळ करूनच तयार झालेले आहे, म्हणून त्या आधी वेगळ्या करू.

सशाची तक्रार आधी घेतो, कारण माझ्या मते आपले खरे बळ तिच्यात आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मध्ये शिकारीची जी व्याख्या दिली आहे, तिच्यात केवळ प्राणी मारणे येत नाही. त्याला विष घालणे, पकडणे, कुत्र्यांकरवी त्याचा पाठलाग करणे, फासा किंवा जाळे लावणे, हाका घालून त्याला हुसकावणे, आमिष दाखवणे आणि यांपैकी कशाचाही प्रयत्न करणे हे सारे शिकारच आहे. तेव्हा ‘ससा कुठं घावला’ हा बचाव नसून तो जवळजवळ कबुलीजबाब आहे. ससा निसटला तरी त्याच्यामागे कुत्री सोडली त्याच क्षणी गुन्हा पूर्ण झाला. २०२२ च्या दुरुस्तीने अनुसूचींची, म्हणजे कायद्याला जोडलेल्या संरक्षित प्राण्यांच्या याद्यांची, फेररचना झाली आणि ती १ एप्रिल २०२३ पासून अमलात आली. तिच्यानुसार ससा दुसऱ्या अनुसूचीत आहे आणि त्याच्या शिकारीला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. कुत्र्यांनी सशाऐवजी काळविटाचे पाडस धरले, आणि आपल्या तालुक्यात ते मुळीच अशक्य नाही, तर प्रकरण पहिल्या अनुसूचीत जाते. तेथे किमान तीन वर्षे आणि कमाल सात वर्षे कैद व किमान पंचवीस हजार रुपये दंड आहे.

येथे लक्षात घेण्याची गोष्ट अशी की हा गुन्हा गायरानात झाला, आपल्या रानात झाला की दोहोंच्या मधल्या बांधावर झाला, याने काहीही फरक पडत नाही. शिकारीची बंदी जमिनीच्या मालकीकडे पाहत नाही. त्यामुळे त्या तरुणांचा ‘आम्ही गायरानात सोडलं होतं’ हा सगळा युक्तिवाद जमिनीच्या तक्रारीपुरता, आणि तोही अर्धामुर्धा, उपयोगी आहे.

आता जमिनीची तक्रार. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२९ नुसार दुसऱ्याच्या ताब्यातील जागेत गुन्हा करण्याच्या, किंवा ताबेदाराला धमकावण्याच्या, अपमानित करण्याच्या वा त्रास देण्याच्या उद्देशाने शिरणे हे फौजदारीपात्र अतिक्रमण आहे आणि त्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा आहेत. या कलमाचा कणा म्हणजे उद्देश. केवळ वाट चुकून रानात आलेला माणूस गुन्हेगार ठरत नाही. कुत्रे तर कधीच ठरत नाही, कारण उद्देश माणसाला असतो. मात्र त्याच्यामागे, शिकार पुरी करण्यासाठी, धावत आलेला माणूस गुन्हा करण्याच्याच उद्देशाने आलेला असतो, आणि म्हणून सशाची तक्रार सिद्ध झाली की जमिनीच्या तक्रारीलाही तिचा आधार मिळतो. उलट क्रमाने गेलात तर मात्र ठाण्यात ‘किरकोळ वाद आहे, आपसांत मिटवा’ हे ऐकून परत यावे लागण्याची शक्यता अधिक आहे.

‘कुत्र्याला बांध कळत नाही’ या वाक्याबद्दल थोडे विस्ताराने लिहितो, कारण ते खरे आहे आणि नेमके म्हणूनच ते मालकाच्या विरुद्ध जाते. कारवानी, पश्मी किंवा सीमेपलीकडे मुधोळ म्हणून ओळखली जाणारी कुत्री वासावर नव्हे तर नजरेवर शिकार करतात. लांब पाय, आत ओढलेले पोट, अरुंद डोके अशी त्यांची ठेवणच सरळ धावण्यासाठी आहे. धावताना ती सहसा भुंकत नाहीत, त्यामुळे शेळ्या ओरडू लागेपर्यंत वस्तीवरच्या माणसाला पत्ता लागत नाही, आणि भक्ष्य डोळ्यांसमोर असेपर्यंत ती मालकाच्या हाकेलाही दाद देत नाहीत. ससा दोन-तीन एकरांच्या तुकड्यांच्या शिवारात एका दमात पाच-सहा गट नंबर ओलांडतो. हे सगळे कुत्रे बाळगणाऱ्याला आपल्यापेक्षा चांगले ठाऊक असते. असे कुत्रे पट्ट्यातून सोडले की ते दुसऱ्याच्या रानात जाणारच, हे माहीत असूनही ज्याने ते सोडले, त्याला पुढच्या नुकसानीबद्दल ‘मला कल्पना नव्हती’ असे म्हणता येत नाही. ठिबकच्या नळ्या आणि शेळी यांची भरपाई दिवाणी न्यायालयात मागता येते. जमिनीवरील अतिक्रमणाबद्दलच्या भरपाईच्या दाव्याला तीन वर्षांची मुदत आहे. त्यासाठी शेळीवर उपचार करणाऱ्या पशुवैद्यकीय अधिकाऱ्याचा दाखला, नळ्यांच्या खरेदीची पावती आणि तारखेसह छायाचित्रे आजच गोळा करून ठेवा. हा प्रकार थांबतच नसेल तर त्याच न्यायालयातून कायम मनाई हुकूमही मिळू शकतो, फक्त त्यासाठी त्या व्यक्तींची नावे लागतात. ‘मोटारसायकलवरून आलेले इसम’ यांच्याविरुद्ध मनाई हुकूम निघत नाही.

तलाठी या कामी निरुपयोगी आहे असे नाही, पण त्याचा उपयोग सातबाऱ्याच्या उताऱ्यापुरता आहे. पहिला दूरध्वनी वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर किंवा आपल्या भागाच्या वनरक्षकाला करा. मोटारसायकलचा क्रमांक टिपा, लांबून चित्रीकरण करा, मात्र माणसांना किंवा कुत्र्यांना धरू नका. मातीत पावलांचे ठसे उमटले असतील तर त्यांवर घमेले उपडे घालून ठेवा आणि पंचनामा होईपर्यंत त्या दिवशी तेथे पाणी सोडू नका. केस, रक्ताचे डाग किंवा मांसाचा तुकडा आपल्या हाताने उचलू नका. शिजवलेल्या मांसावरूनही प्राणी कोणता होता हे प्रयोगशाळेत ओळखता येते, म्हणून ‘कोंबडीचं होतं’ या सबबीची धास्ती बाळगण्याचे कारण नाही. खात्याने दखल घेतलीच नाही, तर किमान साठ दिवसांची लेखी नोटीस देऊन कोणाही व्यक्तीला या अधिनियमाखाली थेट न्यायालयात तक्रार दाखल करता येते. फारच थोडे लोक हा मार्ग वापरतात. तशी नोटीस गेली की एरवी न हलणारी फाइल हलते, असा माझा अनुभव आहे.

आणखी एक गोष्ट. अशी प्रकरणे पुष्कळदा पारावर बसून मिटवली जातात. शेळीचे पैसे दिले-घेतले जातात आणि विषय संपला असे दोन्ही बाजूंना वाटते. शेळीपुरता तो संपतोही. शिकारीच्या गुन्ह्याची तडजोड करण्याचा अधिकार मात्र कायद्याने अधिकार दिलेल्या अधिकाऱ्यालाच आहे, तोही पहिल्या अनुसूचीतील प्राण्यांच्या बाबतीत नाही. आपण पैसे घेऊन ‘माझी काही तक्रार नाही’ असे लिहून दिलेत तर उद्या तोच कागद आपल्याला अडचणीचा ठरू शकतो.

प्रश्न : माझी स्वतःची बारा एकर जमीन आहे व घरी दोन कारवानी कुत्री आहेत. आजोबांच्या काळापासून आम्ही आमच्याच रानात ससे धरत आलो. मी कोणाच्या बांधावर जात नाही. स्वतःच्या मालकीच्या जमिनीत शिकार करायला कोणाची परवानगी कशाला हवी? (मोहोळ)

उत्तर : आपण दुसऱ्याच्या हद्दीचा मान राखता, याबद्दल आपले कौतुक वाटते. कायद्याचे उत्तर मात्र आपल्याला आवडणार नाही. सातबाऱ्यावर आपले नाव असल्यामुळे जमीन, तिच्यातील पीक, बांधावरची झाडे यांवर आपला हक्क आहे. तिच्यातून जाणाऱ्या सशावर तो नाही. जिवंत वन्यप्राणी कोणाच्याच खासगी मालकीचा नसतो, आणि बेकायदा मारला गेला तर त्याच अधिनियमाच्या कलम ३९ नुसार तो राज्य शासनाची मालमत्ता होतो. त्याचे मांस घरी नेणे म्हणजे शासनाची मालमत्ता ताब्यात ठेवणे ठरते. गुन्ह्यात वापरलेली आणि जप्त झालेली वाहने व हत्यारेही शासनजमा होऊ शकतात. पाहुण्यांना किंवा मित्रांना आपल्या रानात कुत्री सोडू देणे हेही धोक्याचे आहे, कारण गुन्ह्याला साहाय्य करणारा तो गुन्हा केल्याप्रमाणेच जबाबदार धरला जातो.

कुत्री बाळगायला काहीच हरकत नाही. या जाती आपल्या दख्खनच्या आहेत. मुधोळचे राजे मालोजीराव घोरपडे यांनी त्यांची जोडी इंग्लंडच्या पाचव्या जॉर्जला भेट दिली होती आणि २००५ मध्ये टपाल खात्याने देशी कुत्र्यांवर जी तिकिटे काढली, त्यांत मुधोळचाही समावेश होता. पिल्ले विकण्यासाठी पैदास करत असाल तर २०१७ च्या श्वान पैदास व विक्री नियमांनुसार नोंदणी आवश्यक आहे. रोज पहाटे त्यांना मोकळे पळवायचे असेल तर आपले बारा एकर आहेतच. समोर ससा उठला तर ती थांबतील का, एवढा एकच प्रश्न उरतो, आणि त्याचे उत्तर आपल्याइतके चांगले कोणाला ठाऊक असणार?

प्रश्न : रानडुकरांनी मक्याची वाट लावली आहे. राखणीला ठेवलेली कुत्री त्यांच्यावर सोडली तर तीही शिकार होते का? (सांगोला)

उत्तर : या प्रश्नात शेतकऱ्याची खरी कोंडी आहे आणि तिचे सोपे उत्तर कायद्यात नाही. वर सांगितलेल्या व्याख्येत हाका घालून हुसकावणेही येते. तरीही उभ्या पिकात शिरलेल्या डुकरांवर राखणीचे कुत्रे भुंकले, त्यांच्या अंगावर गेले आणि त्यांना बांधाबाहेर घालवून परत आले, तर त्याला शिकार म्हणणे कठीण आहे. तेथे हेतू पीक राखण्याचा असतो. मात्र चार-पाच शिकारी कुत्री मुद्दाम आणून, भाले-काठ्या घेतलेली माणसे सोबत घेऊन, डुकरांना ओढ्यापर्यंत पिटाळत नेले, तर राखणीची सबब तेथे टिकणार नाही. कुत्री कोणती होती, किती होती, सोबत हत्यारे होती का आणि पाठलाग पिकाच्या किती पुढे गेला, यांवरून अधिकारी व न्यायालय हेतू ठरवतात.

रानडुक्करही दुसऱ्या अनुसूचीत आहे. कलम ११ नुसार, दुसऱ्या अनुसूचीतील प्राणी मनुष्यजीवनाला किंवा उभ्या पिकासह मालमत्तेला धोकादायक झाला आहे अशी खात्री पटल्यास मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी प्राधिकृत केलेला अधिकारी कारणे नमूद करून शिकारीची लेखी परवानगी देऊ शकतो. ‘लेखी’ या शब्दाला अधोरेखित करा. वनरक्षक तोंडी ‘बघा तुमचं तुम्ही’ म्हणाला, ही परवानगी नव्हे. परवानगीचा अर्ज वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याच्या कार्यालयात द्यावा. पीकनुकसानीच्या भरपाईचा अर्ज निराळा असतो. तो नुकसान झाल्यापासून तीन दिवसांच्या आत द्यावा आणि पंचनाम्यापूर्वी रान नांगरून टाकू नये. ही भरपाई प्रत्यक्ष नुकसानीच्या मानाने अपुरी पडते, हे आपले म्हणणे मला मान्य आहे; पण अर्जच न केल्यामुळे नुकसानीची नोंदच होत नाही, आणि नोंद नाही म्हणून परवानगीचा अर्जही दुबळा पडतो, हे चक्र आपणच थांबवू शकता.

कुंपणात विजेचा थेट प्रवाह सोडण्याचा विचारही मनात आणू नका. त्यात डुकराआधी पाणी धरायला आलेला माणूस मरतो आणि शेतमालकावर सदोष मनुष्यवधाचे प्रकरण उभे राहते. सौर झटका यंत्राचे कुंपण ही पूर्णपणे वेगळी गोष्ट आहे. त्यात क्षणभराचा झटका बसतो, जीव जात नाही.

प्रश्न : परक्याची शिकारी कुत्री माझ्या रानात आली तर त्यांना विष घालण्याचा किंवा गोळी घालण्याचा मला हक्क आहे ना? मालमत्तेच्या रक्षणाचा अधिकार कायद्यानेच दिलेला आहे. (माढा)

उत्तर : नाही. प्राण्याला ठार मारून किंवा निकामी करून मालकाचे नुकसान करणे याला न्याय संहितेच्या कलम ३२५ खाली पाच वर्षांपर्यंत कैद आहे. म्हणजे आपल्या रानात घुसणाऱ्याला तीन महिने आणि त्याचे कुत्रे मारणाऱ्या आपल्याला पाच वर्षे, असे हे गणित आहे, आणि ते पाहून पुष्कळांना राग येतो. कुत्रे प्रत्यक्ष शेळीच्या नरड्याला लागलेले असताना काठीने त्याला हाणून सोडवणे निराळे, आणि बांधावर विष लावलेले मटण टाकून ठेवणे निराळे. दुसऱ्या गोष्टीत बचावाची तातडी नसते. शिवाय ते मटण कोण खाईल हे आपल्या हातात नाही. आपल्याकडच्या माळावर लांडगा आहे, खोकड आहे, घारी आहेत. लांडगा मेला तर आपण स्वतःच पहिल्या अनुसूचीतील प्राण्याच्या शिकारीचे आरोपी होता.

प्रश्न : माझा कुत्रा फिरायला नेला असता पट्टा तोडून एका सशामागे पळाला व शेजारच्या गावातील एका बागायतदाराच्या रानात गेला. त्यांनी तो बांधून ठेवला असून ‘पाच हजार द्या आणि घेऊन जा, नाहीतर कोंडवाड्यात घालतो’ असे म्हणतात. कुत्रा माझा आहे, तो आणायला मी त्यांच्या रानात जाऊ शकतो का? (बार्शी)

उत्तर : कोंडवाड्याची धमकी पोकळ आहे. गुरांच्या अतिक्रमणाचा १८७१ चा कायदा गाय-बैल, म्हैस, घोडा, गाढव, शेळी, मेंढी, डुक्कर, उंट, एवढेच काय हत्तीलाही लागू आहे. कुत्र्याचा मात्र त्यात उल्लेख नाही. त्या बागायतदारांना पैशांसाठी कुत्रा अडवून ठेवण्याचा अधिकार नाही. खरोखर नुकसान झाले असेल तर त्यांनी ते सांगावे, हिशोब दाखवावा आणि न जमल्यास दावा करावा.

परंतु कुत्रा आपला असल्यामुळे त्यांच्या रानात शिरण्याचा हक्क आपल्याला मिळतो, असे आपल्या कायद्यात कोठेही म्हटलेले नाही. बांधावर उभे राहून, शक्य तर गावच्या पोलीस पाटलाला सोबत घेऊन, कुत्रा मागा. नकार मिळाल्यास ठाण्यात लेखी अर्ज द्या. रात्री जाऊन कुत्रा सोडवून आणण्याचा सल्ला आपल्याला कोणीतरी दिलेला दिसतो. तो मानू नका. आणि पट्टा खरोखर तुटला होता हे सिद्ध करण्याची वेळ येऊ शकते, म्हणून तो तुटलेला पट्टा जपून ठेवा.

प्रश्न : माझी मुलगी अमेरिकेत व्हर्जिनिया राज्यात राहते. तिच्या घरामागच्या खासगी जंगलात लोकांची शिकारी कुत्री येतात आणि त्यांचे मालक ती न्यायला सरळ आत येतात. तेथे ते कायदेशीर आहे असे ती सांगते. मालमत्तेच्या हक्काचा एवढा गाजावाजा करणाऱ्या देशात हे कसे? (सोलापूर शहर)

उत्तर : आपल्या मुलीची माहिती बरोबर आहे. वरच्या पत्रलेखकाला जो हक्क येथे नाही, तो व्हर्जिनियात कायद्याने दिलेला आहे. पाठलाग दुसऱ्याच्या जमिनीवर सुरू झाला असेल तर खोकड आणि रॅकून यांची शिकार करणारे आपल्या कुत्र्यांमागे बंदी असलेल्या खासगी जमिनीतही जाऊ शकतात. अन्य प्राण्यांच्या शिकाऱ्यांना केवळ कुत्री परत आणण्यासाठी जाता येते, तेही बंदूक किंवा धनुष्यबाण न घेता. वाहन न्यायचे तर मालकाची परवानगी लागते आणि मालकाने विचारल्यावर जो मुद्दाम नाव सांगत नाही, तो गुन्हेगार ठरतो. तेथील जमीनमालकांचा या तरतुदीला मोठा विरोध आहे. त्यांचे म्हणणे असे की कुत्रे सोडणाऱ्याच्या सोयीसाठी आमच्या कुंपणाला कायद्यानेच भोक पाडले आहे. शिकाऱ्यांचे म्हणणे असे की पूर्वी जंगले सलग व मोठी होती, ती घरांसाठी कापून तुकडे तुम्ही केलेत, आणि परंपरा आमची जुनी आहे.

अमेरिकेतल्याच जॉर्जिया राज्याने निराळी वाट धरली. कुत्र्यांच्या साहाय्याने हरणाची शिकार करायची तर स्वतःची किमान २५० एकर किंवा भाडेपट्ट्याची किमान १,००० एकर सलग जमीन दाखवून परवाना घ्यावा लागतो. धावणाऱ्या कुत्र्याला पुरेल एवढी जमीन आधी जमवा, मग कुत्रे सोडा, हा त्यामागचा विचार मला अधिक समंजस वाटतो. आपल्याकडे तो लागू करायचा म्हटला तर बहुतेक गावांत अर्ध्या शिवाराच्या सह्या घ्याव्या लागतील.

फ्रान्समधले प्रकरण जमीनमालकांच्या दृष्टीने सर्वांत बोलके आहे. १९६४ च्या एका कायद्याने तेथील पुष्कळ भागांत लहान जमीनधारकांना आपल्या जमिनीवरील शिकारीचा हक्क स्थानिक शिकार-संघाला देणे भाग पडत होते, आणि मालक स्वतः शिकारीच्या विरोधात असला तरी त्याच्या रानात संघाचे सभासद शिकारीला येत. त्याविरुद्ध काही लहान मालक युरोपीय मानवी हक्क न्यायालयात गेले आणि १९९९ मध्ये न्यायालयाने त्यांच्या मालमत्तेच्या हक्काचे उल्लंघन झाले असा निर्णय दिला. इंग्लंडमध्ये २००४ च्या कायद्याने कुत्र्यांकरवी रानटी सस्तन प्राण्यांची शिकार काही अपवाद वगळता बंद केली आणि जाणूनबुजून आपली जमीन तशा शिकारीला वापरू देणाऱ्या मालकालाही गुन्हेगार ठरवले.

या सर्व देशांत वाद होतो तो शिकार मुळात कायदेशीर असल्यामुळे, किंवा ती पूर्वी तशी होती म्हणून. आपल्याकडे शिकारच बंद असल्याने कुत्र्यामागे परक्याच्या रानात जाण्याच्या हक्काचा प्रश्न त्या स्वरूपात उभा राहत नाही. आपल्या मुलीला तेथील स्थानिक वकिलाचाच सल्ला घ्यायला सांगा. तोवर येणाऱ्याचे नाव विचारून लिहून ठेवण्याचा तिला पूर्ण अधिकार आहे.

प्रश्न : माझ्या रानात कोणीतरी रात्री कुत्री सोडून काळवीट मारले. मी सकाळी फक्त रक्त आणि केस पाहिले. गावातील काही जणांनी जवळच्या पारधी वस्तीतील तिघांची नावे सांगितली व जमीनमालक म्हणून मी तक्रारीत ती नावे घालावीत असा आग्रह धरला आहे. काय करावे? (करमाळा)

उत्तर : आपण जे पाहिले तेवढेच लिहा. रक्त, केस, ठसे, वेळ आणि जागेचा गट क्रमांक एवढी आपली माहिती आहे; नावे ही आपली माहिती नाही, ती गावाची समजूत आहे. जमीनमालकाच्या सहीला पंचनाम्यात वजन असते, म्हणूनच ती दुसऱ्याच्या समजुतीखाली करू नये. ज्या सोलापुरात तारेच्या कुंपणाआड ‘सेटलमेंट’ वसवून काही जमातींना जन्मानेच गुन्हेगार मानले गेले आणि १९५२ मध्ये गुन्हेगार जमातींचा तो कायदा रद्द झाल्यावरच त्यांची सुटका झाली, त्या जिल्ह्यात तरी हे निराळे सांगावे लागू नये. बॅटरीच्या झोतात सशाला थबकवून त्यावर कुत्री सोडणारे आणि त्याच्या चित्रफिती मोबाइलवर फिरवणारे लोक चारचाकीतूनही येतात, हे वनखात्याला पुरेसे ठाऊक आहे. त्या रात्री रस्त्यावर दिसलेल्या वाहनाची कोणाला माहिती असेल तर ती मात्र अवश्य द्या.

प्रश्न : आमची जमीन माळढोक अभयारण्याच्या हद्दीत आहे. आमच्या राखणीच्या कुत्र्यांवरही बंदी आहे का? (उत्तर सोलापूर)

उत्तर : १९७९ मध्ये ८,४९६ चौरस किलोमीटर एवढे घोषित झालेले हे अभयारण्य २०१२ मध्ये १,२२२ चौरस किलोमीटरवर आणले गेले, त्यामुळे आपला गट आजही हद्दीत आहे का, हे आधी वनविभागाकडून लेखी तपासून घ्या, आपली माहिती पूर्वीच्या नकाशावरची असू शकते. हद्दीत असलात तरी स्वतःच्या जमिनीत जाण्या-येण्याचा आपला हक्क कायम आहे. राखणीचे कुत्रे वस्तीवर बांधून किंवा आपल्या देखरेखीखाली ठेवावे. माळढोक जमिनीवर उघड्यावर एकच अंडे घालतो आणि मोकाट कुत्रे त्या अंड्याला पुरेसे असते. कुत्र्यांना रेबीज व डिस्टेंपर यांच्या लसी टोचून घ्या, कारण हे रोग त्यांच्यापासून लांडगे आणि खोकड यांना होतात.

प्रश्न : ‘विनापरवाना प्रवेश बंद’ अशी पाटी लावण्याचा काही उपयोग होतो का? (पंढरपूर)

उत्तर : होतो. पाटीमुळे नवा हक्क निर्माण होत नाही, पण ‘आम्हाला माहीत नव्हते’ ही सबब संपते. पाटीवर गट क्रमांक, कुत्र्यांसह प्रवेशास मनाई असल्याचा स्पष्ट मजकूर आणि वनविभागाचा १९२६ हा क्रमांक लिहा, आणि ती लावल्याचे तारखेसह छायाचित्र काढून ठेवा. ज्या पाऊलवाटेवर शेजाऱ्यांची शेतीसाठीची वहिवाट आहे, ती मात्र पाटीच्या जोरावर अडवू नका. तशी अडवलीत तर तक्रार घेऊन तहसीलदारांकडे जाणारे तुमचे शेजारी असतील.